अभ्यासिकेतून समितीकक्षाकडे

26 मार्च 1902. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर चर्चा चालू होती आणि अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. तिजोरीत शिल्लक पडल्यामुळे सरकारी बाके खुशीत होती. शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण, असा त्यांचा हिशेब. गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तो हिशेबच उलटा करून दाखवला. दुष्काळाने आणि प्लेगने रयत खचलेली असताना तिजोरी भरत असेल, तर कर गरजेपेक्षा जास्त आहेत एवढेच त्यातून सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे होते. रुपयाचा भाव चढवल्यामुळे ही शिल्लक कशी दिसू लागली, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठावरचा कर उतरवा, ही त्यांची ठळक मागणी होती. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीड रुपया आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. एका भाषणाने कर उतरला असे म्हणणे धाडसाचे ठरेल; पण त्या भाषणानंतर अर्थसंकल्पावरची चर्चा पूर्वीसारखी राहिली नाही, हे मात्र खरे.

त्या आकड्यांमागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळाखात्यातले शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. शेतसारा, चलन, रेल्वे, दुष्काळ या विषयांवरचे सरकारी अहवाल पिंजून काढावेत आणि त्यांतल्या आकड्यांवरून सरकारचेच दावे तपासावेत, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे ते लेखक. 1897 मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांची तयारी रानडे आणि जोशी यांनीच करून घेतली होती. 1902 च्या भाषणासाठीही गोखल्यांनी जोशींकडे मदत मागितली आणि ती मिळाली.

त्या काळच्या कायदेमंडळातील सदस्यांना 1892 च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती. त्यावर मत देण्याचा अधिकार मात्र दिला नव्हता. मतदानाने सरकारला अडवता येत नसल्यामुळे गोखल्यांच्या हाती पुराव्याखेरीज दुसरे काही नव्हते. आजच्या खासदार-आमदारांकडे मत आहे, विशेषाधिकार आहेत, समित्या आहेत, साक्षीदाराला बोलावून घेण्याची सत्ता आहे. एवढे सगळे असताना त्यांच्यामागे जोशी आहेत का? असले, तर ते योगायोगाने भेटलेले आहेत की एखाद्या व्यवस्थेने नेमून दिलेले? संशोधक आणि कायदे करणारे यांना जोडण्याचा विषय या प्रश्नापासून सुरू होतो.

संसदीय छाननी म्हटले की डोळ्यांसमोर सभागृहातला गदारोळ येतो. छाननीचे खरे काम कंटाळवाणे असते. सरकारने आणलेल्या विधेयकातले कलम प्रत्यक्षात काय घडवेल, मागितलेला पैसा कशासाठी हवा आहे, गेल्या वर्षी दिलेल्या पैशाचे काय झाले, आणि खात्याने सभागृहाला दिलेला शब्द पाळला की नाही, हे चार प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहणे म्हणजे छाननी. त्यासाठी सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना अशी आयुधे असतात. पण आयुध चालवणाऱ्याला कुठे वार करायचा हे आधी माहीत असावे लागते. मंत्र्याच्या मागे सचिवालय असते, खात्याची आकडेवारी असते, विधी विभागाचे मसुदाकार असतात. साध्या सदस्यामागे बहुधा एक स्वीय सहायक असतो आणि त्याचा दिवस मतदारसंघातल्या बदल्या, दाखले, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि लग्नपत्रिका यांत संपतो.

वेळही आटत चालला आहे. पहिल्या लोकसभेचे कामकाज वर्षाला सरासरी 135 दिवस चाले; 2019 ते 2024 या काळातल्या 17व्या लोकसभेत ही सरासरी 55 दिवसांवर आली. त्या पाच वर्षांत निम्म्याहून अधिक विधेयके मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मंजूर झाली. दोन आठवड्यांत दोनशे कलमांचे विधेयक वाचून, ज्यांना ते लागू होणार त्यांच्याशी बोलून, त्या विषयाचा अभ्यास केलेल्यांना विचारून मत बनवणे हुशार माणसालाही जमणारे नाही.

म्हणूनच 1993 मध्ये संसदेने खात्यांशी निगडित स्थायी समित्या नेमल्या. सुरुवातीला त्या 17 होत्या, 2004 पासून 24 झाल्या. प्रत्येक समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री या समित्यांचा सदस्य होऊ शकत नाही. बैठक बंद दाराआड होते, तिथे कॅमेरा नसतो आणि पक्षादेशही नसतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहातले मत पक्षाने आधीच ठरवलेले असते; समितीच्या टेबलाभोवती मात्र सत्ताधारी सदस्यही आपल्याच सरकारच्या सचिवाला अवघड प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतोही. संशोधकाचा उपयोग सर्वांत जास्त कुठे होईल, असे विचारले तर उत्तर हेच आहे: विधेयक समितीकडे असते त्या थोड्या महिन्यांत.

अडचण अशी, की विधेयक समितीकडे पाठवायचेच, असा नियम नाही. 14व्या लोकसभेत 60 टक्के आणि 15व्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली. 16व्या लोकसभेत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास आणि 17व्या लोकसभेत 16 टक्क्यांवर घसरले. 2020 चे शेतीविषयक तीन कायदे आधी अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरमध्ये समितीकडे न जाता मंजूर झाले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये चर्चेविना मागे घेतले गेले. बाजार समित्या, हमीभाव, कंत्राटी शेती या विषयांवर देशातल्या कृषी विद्यापीठांत आणि अर्थशास्त्र संस्थांत दोन्ही बाजूंचा भरपूर अभ्यास पडलेला होता. तो ऐकण्याची संसदेतली जागाच या प्रवासात वगळली गेली.

समिती आणि तज्ज्ञ यांची गाठ पक्की असेल तर काय होते, याचे उदाहरण संसदेच्याच आवारात आहे. लोकलेखा समिती 1921 पासून काम करते. 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पण तिचा दरारा केवळ अध्यक्षामुळे नाही. महालेखापरीक्षकांचे शेकडो प्रशिक्षित लेखापरीक्षक वर्षभर खात्यांच्या वह्या तपासतात, अहवाल तयार करतात आणि साक्षीच्या वेळी महालेखापरीक्षकांची माणसे समितीच्या मदतीला हजर असतात. सदस्याला कोणत्या पानावर बोट ठेवायचे ते सांगणारे कोणीतरी शेजारी बसलेले असते. खात्यांशी निगडित स्थायी समित्यांना असा सोबती नाही. आरोग्याचे विधेयक असो वा विदासंरक्षणाचे, समितीचे सचिवालय कार्यपद्धतीत तरबेज असते. विषयाचे ज्ञान मात्र बाहेरून, जसे मिळेल तसे, गोळा करावे लागते. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना पुनर्विलोकन आयोगाने 2002 मध्ये या समित्यांना विषयतज्ज्ञ सल्लागारांचे बळ देण्याची शिफारस केली होती. तिला आता दोन दशके उलटून गेली.

तरीही ज्ञान समितीच्या खोलीपर्यंत पोचते, आणि पोचल्यावर कायदा बदलतो, याचे दाखले आहेत. त्यांतला एक महाराष्ट्राच्या मातीतला आहे.

सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे 1960 ते 1978 या काळात विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची त्यांची कल्पना आधी त्यांच्या भागात आजमावली गेली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पुढची अनेक वर्षे संशोधकांनी ही योजना अक्षरशः खणून काढली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर यांनी रोजगार हमीच्या कामांवर येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि 1983 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कामावर कोण येते, का येते, मजुरी वेळेवर मिळते का, कामे कोणाच्या शेताजवळ निघतात, अशा प्रश्नांवर लेखांमागून लेख येत राहिले. विधिमंडळानेही या योजनेवर देखरेख करण्यासाठी स्वतंत्र समिती ठेवली.

डिसेंबर 2004 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक लोकसभेत आले, तेव्हा हा सगळा अनुभव हाताशी होता. मूळ विधेयक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरते मर्यादित होते. ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ आणि जनसंघटना सांगत होत्या, की दिवसभर उन्हात माती उपसायला कोणी सधन माणूस येत नाही. काम करण्याची तयारी हीच गरजूची निवड करते. दारिद्र्यरेषेच्या याद्या सदोष असतात आणि त्यांत खरे गरीब सुटतात, हेही अभ्यासांनी दाखवले होते. कल्याण सिंह यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण विकासविषयक स्थायी समितीने ही अट काढण्याची शिफारस केली. ऑगस्ट 2005 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी मिळाली. भारतीय जनता पक्षाचा अध्यक्ष, काँग्रेसप्रणीत सरकारचे विधेयक आणि विद्यापीठांतून व चळवळींतून आलेला पुरावा, अशी ती गाठ होती.

याच समितीच्या अध्यक्षपदी पुढे सुमित्रा महाजन आल्या. चिपळूणला जन्मलेल्या आणि इंदूरमधून आठ वेळा लोकसभेवर निवडून गेलेल्या महाजन यांच्या समितीकडे 2011 चे भूसंपादन विधेयक होते. धरणे, खाणी, कारखाने यांनी स्वातंत्र्यानंतर नेमके किती लोक उठवले, याची सरकारी नोंद एकत्र अशी नव्हतीच. वॉल्टर फर्नांडिस यांच्यासारख्या संशोधकांनी राज्याराज्यांतले दप्तर तपासून सहा कोटींच्या आसपासचा अंदाज मांडला होता. समितीचा मे 2012 मधला अहवाल कडक निघाला: खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादित करूच नये. 2013 च्या कायद्याने ही शिफारस जशीच्या तशी स्वीकारली नाही, पण खासगी प्रकल्पांसाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट कायद्यात राहिली, आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापनही अनिवार्य झाले. या मूल्यमापनाची पद्धत समाजशास्त्रज्ञांनीच घडवलेली आहे.

तिसरे उदाहरण जास्त वादाचे आहे. बासुदेब आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील कृषिविषयक समितीने जनुकीय बदल केलेल्या अन्नपिकांचा विषय हाती घेतला. शास्त्रज्ञ, बियाणे कंपन्या, शेतकरी संघटना आणि सरकारी खाती यांच्या साक्षी झाल्या. मार्च 2012 मध्ये समितीचे सदस्य विदर्भात आले आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा गावात कापूस उत्पादकांशी बोलले. बीटी कापसाच्या यशाची कागदावरची गोष्ट आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा खर्च यांतले अंतर त्यांना तिथे ऐकायला मिळाले. ऑगस्ट 2012 मधल्या अहवालात समितीने पिकांच्या खुल्या चाचण्या थांबवण्याची शिफारस केली. अनेक कृषिशास्त्रज्ञांना हा निष्कर्ष अशास्त्रीय वाटला आणि त्यांनी तसे स्पष्ट म्हटले. अनेकांना तो दूरदृष्टीचा वाटला.

हे उदाहरण मुद्दाम घ्यायला हवे, कारण संशोधकाला सभागृहाशी जोडायचे म्हणजे तज्ज्ञांच्या हाती निर्णय द्यायचा, असा समज सहज होतो. शास्त्रज्ञांत मतभेद असतात. एखाद्या पिकाने उत्पन्न वाढते का, हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि शेतात तपासता येतो. बियाण्यासाठी शेतकऱ्याने दरवर्षी कंपनीकडे जावे का, हा प्रश्न लोकप्रतिनिधीचा आहे. संशोधकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर किती खात्रीने देता येते ते सांगावे, कोणत्या अभ्यासाला कोणी पैसा दिला ते उघड करावे, आणि दुसऱ्या प्रश्नावर मत द्यायचे झाले तर ते नागरिक म्हणून देतो आहोत हे लपवू नये. समितीनेही निष्कर्ष स्वीकारताना वा नाकारताना कारणे लिहावीत. एवढे झाले तरी वाद संपत नाही. वाचणाऱ्याला तो नेमका कुठे आहे हे कळते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला एका संशोधन अहवालाने एक मोजपट्टीच बहाल केली. 1983 मध्ये राज्य सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर हे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. निळकंठ रथ यांच्यासह 1971 मध्ये लिहिलेल्या भारतातील दारिद्र्यावरच्या ग्रंथाने ते देशभर गाजलेले. 1984 च्या अहवालात त्यांच्या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली, प्रत्येक जिल्हा त्या सरासरीपासून किती मागे आहे ते मोजले आणि तो फरक भरून काढायला लागणारा खर्च मांडला: 3,186 कोटी रुपये आणि काही लाख. तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द सभागृहातून हलला नाही. विदर्भ-मराठवाड्याचे आमदार आकड्यानिशी भांडू लागले, 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, पुढे निर्देशांक व अनुशेष समिती आली, डॉ. विजय केळकर समिती आली. मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांनीच आक्षेप घेतले; सरासरी जिल्ह्याची धरावी की तालुक्याची, पैसा खर्च झाला म्हणजे अनुशेष भरला का, हे वाद आजही चालतात. पण वाद मोजपट्टीवर होतो आहे, ही त्या अहवालाची कमाई.

या सगळ्या उदाहरणांत एक कच्चा दुवा आहे. दांडेकर समिती सरकारने नेमली होती, विधिमंडळाने नव्हे. जोशी आणि गोखले यांना रानड्यांच्या स्नेहाने एकत्र आणले. द्रेझ राष्ट्रीय सल्लागार परिषदेवर होते, म्हणून त्यांचा आवाज दिल्लीत पोचला. म्हणजे जोडणी झाली ती ओळखीने, चळवळीच्या रेट्याने किंवा सरकारच्या मर्जीने. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयात बसून वनहक्कांवर दहा वर्षे काम केलेल्या प्राध्यापिकेला समितीकडे जाण्याची वाट कोणती, याचे उत्तर या उदाहरणांत मिळत नाही.

कागदावर वाट आहे. विधेयक समितीकडे गेले, की लोकांकडून सूचना मागवणारी जाहिरात वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर येते. मुदत साधारण पंधरा दिवस ते महिनाभर असते. लेखी निवेदन पाठवायचे, आणि समितीला वाटले तर ती साक्षीला बोलावते. उद्योगसंघटनांच्या दिल्लीतल्या कचेऱ्यांत अशा जाहिरातींवर नजर ठेवणारी पगारी माणसे असतात. जाहिरात आली की आठवड्यात निवेदन तयार. विद्यापीठात अशी व्यवस्था नसते. प्राध्यापकाला जाहिरात कळते तेव्हा मुदत संपत आलेली असते, आणि त्याच आठवड्यात परीक्षेचे पेपर तपासायचे असतात.

शिवाय त्याने हे का करावे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत बढतीसाठी संशोधनाचे गुण ठरवून दिलेले आहेत. सामाजिक शास्त्रांतल्या एका मान्यताप्राप्त शोधनिबंधाला 10 गुण. केंद्र वा राज्य सरकारला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजालाही गुण आहेत, राष्ट्रीय पातळीवर 7 आणि राज्य पातळीवर 4. त्या यादीत सरकार आहे, संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँकही आहेत. संसदेचे किंवा विधिमंडळाचे नाव नाही. सरकारला सल्ला दिला तर गुण आणि सरकारला जाब विचारणाऱ्यांना मदत केली तर काहीच नाही, असा त्याचा व्यवहारात अर्थ होतो. सरकारी सेवेतल्या अभ्यासकाला सेवानियमांची धास्तीही असते. ती पूर्णपणे खरी नाही: केंद्रीय सेवावर्तणूक नियमांत संसदेने किंवा राज्य विधिमंडळाने नेमलेल्या चौकशीपुढच्या साक्षीला पूर्वपरवानगीच्या अटीतून सूट दिलेली आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसऱ्या बाजूची तक्रारही रास्त आहे. संशोधक लिहितात ते एकमेकांसाठी. चाळीस पानांच्या निबंधात निष्कर्ष अडतिसाव्या पानावर असतो आणि तिथेही ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ असे लिहिलेले असते. आमदाराला उद्या सकाळी अकराला पुरवणी मागण्यांवर बोलायचे असते. त्याला हवी असतात दोन पाने, आणि तीही मराठीत: कलम काय म्हणते, आजवरच्या अनुभवावरून काय होईल, कोणत्या जिल्ह्यात कोणाला फटका बसेल, आणि मंत्र्याला विचारण्याजोगे तीन प्रश्न.

हे दोन पानांचे काम गंभीरपणे करणाऱ्या संस्था उभ्या राहू शकतात, हे ब्रिटनने दाखवले. 1989 मध्ये तिथे संसदेसाठी ‘पोस्ट’ नावाचे विज्ञान-तंत्रज्ञानविषयक कार्यालय देणग्यांवर सुरू झाले आणि काही वर्षांनी संसदेने ते आपल्यात सामावून घेतले. त्याची चार पानी टिपणे पक्षनिरपेक्ष असतात, प्रसिद्धीपूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली असतात आणि त्यांत शिफारस नसते. पीएच.डी. करणारे विद्यार्थी तीन महिने तिथे येऊन अशी टिपणे लिहितात. 2018 मध्ये संसदेने संशोधक आणि संसद यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी वेगळा कक्ष काढला. तो विद्यापीठांत जाऊन समित्यांचे काम समजावतो, निवेदन कसे लिहावे ते शिकवतो आणि समित्यांना पुढे कोणते संशोधन लागणार आहे याच्या याद्या जाहीर करायला मदत करतो. समित्यांकडे आलेली लेखी निवेदने सामान्यतः लेखकाच्या नावासह प्रसिद्ध होतात. त्यामुळे कोणी काय सांगितले आणि समितीने त्यातले काय घेतले, हे कोणालाही ताडून पाहता येते.

अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. काँग्रेसने 1972 मध्ये तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाचे कार्यालय स्थापन केले. दोन दशकांत त्याने सुमारे साडेसातशे अभ्यास प्रसिद्ध केले आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. 1995 मध्ये नव्या बहुमताने खर्चकपातीचे कारण देऊन ते बंद केले. ज्ञान देणारी संस्था कायदेमंडळाच्या पैशावर चालत असेल, तर तिचे आयुष्य बहुमताच्या इच्छेवर राहते. बाहेरच्या देणग्यांवर चालत असेल, तर देणगीदाराविषयी शंका येते. यातून पूर्ण सुटका कोणालाच सापडलेली नाही.

भारतात तुकड्यातुकड्यांनी काम झाले आहे. संसदेच्या ग्रंथालयाची संदर्भ व संशोधन सेवा सदस्यांना मागणीप्रमाणे टिपणे देते. 2005 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ने प्रत्येक विधेयकाचे पक्षनिरपेक्ष विश्लेषण चार-सहा पानांत देण्याची शिस्त घातली; खासदारांपासून पत्रकारांपर्यंत सगळे ते वापरतात. याच संस्थेच्या ‘लॅम्प’ पाठ्यवृत्तीतून 2010 पासून दरवर्षी काही तरुण पदवीधर एकेका खासदाराबरोबर वर्षभराच्या आसपास काम करतात. लोकसभा अध्यक्ष असताना सुमित्रा महाजन यांनी जुलै 2015 मध्ये ‘अध्यक्षीय संशोधन उपक्रम’ सुरू करून खासदार आणि विषयतज्ज्ञ यांना एका टेबलाशी आणले. हे सगळे दिल्लीत. तेही बहुतांशी इंग्रजीत.

राज्यांत चित्र विरळ आहे. कायदा व सुव्यवस्था, शेती, पाणी, आरोग्य, शहरे हे लोकांच्या रोजच्या जगण्याचे विषय राज्यांकडे. आणि राज्यांत बहुतेक विधेयके समितीकडे न जाता त्याच अधिवेशनात मंजूर होतात. महाराष्ट्रात विशेष जनसुरक्षा विधेयक मात्र डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त समितीकडे गेले. मंत्री चंद्रशेखर बावनकुळे तिचे अध्यक्ष होते. समितीने सूचना मागवल्या तेव्हा बारा हजारांहून अधिक आल्या. जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झाले, तेव्हा उद्देशाच्या मांडणीत, सल्लागार मंडळाच्या रचनेत आणि तपास अधिकाऱ्याच्या दर्जात बदल झालेले होते. विरोधकांना ते अपुरे वाटले. या विधेयकाविषयी कोणाचे काहीही मत असो, एक व्यावहारिक प्रश्न उरतोच: बारा हजार सूचना वाचल्या कोणी, त्यांचे वर्गीकरण कसे झाले आणि कोणत्या आक्षेपाला काय उत्तर मिळाले? विद्यापीठांच्या विधी आणि समाजशास्त्र विभागांना हे काम रीतसर सोपवता आले असते. ते पक्षीय काम नाही, आणि विद्यार्थ्यांना कायदा कसा घडतो हे शिकवण्याची त्याहून चांगली संधी मिळणार नाही.

या विषयात पुढे जाताना कोणते मुद्दे तपासायचे, हे आता सांगता येईल. पहिला पैशाचा: तज्ज्ञ साहाय्याचा खर्च विधिमंडळाने स्वतःच्या अंदाजपत्रकातून करावा का? दुसरा निवडीचा: साक्षीला कोणाला बोलावले आणि कोणाला नाही, याची यादी कारणांसह प्रसिद्ध व्हावी का? दिल्ली-मुंबई-पुण्याची तीच तीच नावे टाळायची, तर कृषी विद्यापीठे, जिल्ह्यांतली महाविद्यालये आणि विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणारे कार्यकर्ते यांची विषयवार सूची कोणी ठेवावी? तिसरा वेळेचा: केंद्राच्या 2014 च्या कायदेपूर्व विचारविनिमय धोरणात मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा असे म्हटले आहे, ते पाळले जात नसेल, तर पाळले नाही याची नोंद विधेयकाबरोबर सभागृहात यावी का? चौथा भाषेचा: मराठीत दिलेल्या निवेदनातले सांख्यिकीचे आणि कायद्याचे शब्द सदस्याला आणि अभ्यासकाला सारख्याच अर्थाने कळतील, अशी टिपणे लिहायला विद्यार्थ्यांना कुठे शिकवले जाते?

पाचवा मुद्दा फक्त महाराष्ट्रासारख्या द्विसदनी राज्यांचा आहे. घटनाकारांनी वरच्या सभागृहात ज्ञानाला वाट ठेवली होती. 78 सदस्यांच्या आपल्या विधान परिषदेत 7 जागा पदवीधरांच्या आणि 7 शिक्षकांच्या मतदारसंघांच्या आहेत. राज्यपालनियुक्त 12 जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी आहेत. शेतकरी-कवी ना. धों. महानोर 1978 मध्ये याच दाराने परिषदेत गेले. शिक्षक मतदारसंघात मत द्यायला माध्यमिक शाळेत किंवा त्यावरच्या संस्थेत किमान तीन वर्षे शिकवलेले असावे लागते, म्हणजे राज्यातले कितीतरी संशोधक या आमदारांचे थेट मतदार आहेत. प्रचारात आजवर वेतनश्रेणी, अनुदान आणि जुनी पेन्शन हे विषय गाजले, आणि ते गाजायलाच हवेत. त्याच मतदारांनी पुढच्या निवडणुकीत आपल्या उमेदवाराला आणखी एक गोष्ट विचारायला हरकत नाही: गेल्या सहा वर्षांत परिषदेपुढे आलेल्या विधेयकांपैकी किती विधेयकांवर त्यांनी आपल्या मतदारसंघातल्या अभ्यासकांकडून लेखी टिपण मागवले, आणि त्यातले काय सभागृहात मांडले.